फ्लॉरेन्समधली मग्दालीया मरीयेची टूर: जरूर घ्या, पण सान मार्कोला स्वतः जा

माझ्या आईचं नाव मग्दलीन. २२ जुलैला जन्मली, म्हणून आजोबांनी त्या दिवसाच्या संतिणीचं, म्हणजे येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिचं, नाव ठेवलं. ती नऊ वर्षांची असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी भर वर्गात तिला सांगितलं की हे नाव एका वाईट चालीच्या बाईचं आहे, तू तिच्यासारखी होऊ नकोस म्हणजे झालं. तेव्हापासून आई परक्या माणसाला नाव सांगताना नुसतं ‘मेरी’ सांगायची. रेशन दुकानात मेरी, बसमधल्या शेजारणीला मेरी. आम्हा मुलांना तिचं पूर्ण नाव कळलं ते तिच्या लग्नाच्या दाखल्यावरून.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं मी तटस्थपणे लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी भाचीकडे इटलीला गेले, तेव्हा तिने माझ्यासाठी एक टूर शोधून ठेवली होती: फ्लॉरेन्समध्ये एका दिवसात मग्दालीया मरीयेची चार ठिकाणं, सोबत गाइड, गट आठ जणांचा. “मावशी, तुझ्याशिवाय ही टूर कुणाला देऊ?” म्हणाली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. अशा टूर तिथे बऱ्याच जण चालवतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू पडेल असं वाटतं.

व्यवस्था चांगली होती. सकाळी साडेआठला सुरुवात, कानात लावायचे इयरफोन, त्यामुळे गर्दीतही गाइडचा आवाज स्वच्छ. चालणं भरपूर आहे आणि रस्ते दगडी आहेत. मी ३१ वर्षं वॉर्डात उभी राहून नोकरी केली, तरी संध्याकाळी माझे पाय बोलत होते. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी आधी विचार करावा. पालाझ्झो पित्ती या शेवटच्या ठिकाणाचं तिकीट टूरच्या पैशांत धरलेलं नव्हतं, हे मात्र दारात गेल्यावर कळलं. ते आधी सांगायला हवं होतं.

पहिलं ठिकाण आकादेमिया हे कलासंग्रहालय. तिथे जो तो मायकेलअँजेलोच्या डेव्हिडकडे धावतो. आम्ही मात्र तळमजल्यावरच्या जुन्या चित्रांच्या दालनात गेलो. तिथे साधारण १२८० ते १२८५ च्या दरम्यानचं, लाकडी फळीवर रंगवलेलं एक उंच चित्र आहे. चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नाही, या चित्रावरूनच त्याला ‘मग्दालेनाचा उस्ताद’ म्हणतात. मधोमध मरीया उभी आहे आणि अंगावर कपडा नाही, डोक्यापासून पावलांपर्यंत फक्त केस. तपकिरी, लाटालाटांचे, झग्यासारखे केस. हातात लॅटिन मजकुराची पट्टी. त्याचा अर्थ असा: पाप करायची सवय झालेल्यांनो, निराश होऊ नका, माझ्याकडे बघा आणि देवाकडे परत या.

गाइडने पहिल्याच मिनिटाला सांगितलं, “ही वेश्या होती. येशूने तिला माफ केलं आणि मग तिने ३० वर्षं गुहेत प्रायश्चित्त घेतलं.” एका दमात, कुठेही न अडखळता. मी हात वर केला. म्हटलं, हे कुठल्या शुभवर्तमानात आहे?

ती थांबली. मग खरं ते बोलली: “कुठल्याच नाही. ही परंपरा आहे.”

हे उत्तर मला आवडलं. पण मी विचारलं नसतं, तर बाकीचे सात जण वेश्येची गोष्ट घेऊन घरी गेले असते.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, आहे ते एवढंच. लूकच्या ८ व्या अध्यायात ती येते. तिच्यातून सात भुतं निघाली होती, आणि ती, योहान्ना, सुसान्ना आणि इतर बऱ्याच बायका स्वतःच्या पैशाने येशूचं आणि शिष्यांचं चालवत होत्या. भूत लागणं म्हणजे त्या काळच्या भाषेत आजार. त्याचा चालचलणुकीशी काही संबंध नाही. मग ती क्रुसापाशी आहे, कबरेपाशी आहे, आणि योहानाच्या २० व्या अध्यायात मेल्यावर उठलेला येशू कबरेजवळच्या बागेत सगळ्यांत आधी तिलाच भेटतो. घोटाळा झाला तो आधीच्या पानामुळे. लूकच्या ७ व्या अध्यायात एक बिननावाची पापी स्त्री येशूचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. तिकडे योहानाच्या १२ व्या अध्यायात बेथानीची मरीया, लाजारची बहीण, तीसुद्धा त्याच्या पायांना तेल लावते. इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिला यांनी रोममध्ये प्रवचनात सांगून टाकलं की या तिघी एकच. सात भुतं म्हणजे सात दुर्गुण, आणि ते तेल ती पूर्वी स्वतःच्या अंगाला लावायची. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पुढे जवळजवळ १४०० वर्षं हेच चाललं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने या तिघींना कधी एक केलंच नाही. तिथे ती सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे गेलेली, प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, बरोबरीची संतीण आहे.

आणि ते केसही तिचे नाहीत. इजिप्तची मरीया म्हणून एक वेगळीच संतीण आहे, जॉर्डनपलीकडच्या वाळवंटात एकटी राहिलेली, कपडे झिजून गेलेली. तिची गोष्ट मध्ययुगात हिच्या अंगावर चढवली. म्हणजे आकादेमियातल्या त्या फळीवर एक बाई दिसते, पण त्यात चौघी आहेत.

आता त्याच चित्रातली एक गोष्ट, जी टूरमध्ये कुणी दाखवत नाही. मरीयेच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोट्या चौकटी आहेत, तिच्या आयुष्यातले आठ प्रसंग. पाय धुणं आहे, लाजारचं मेल्यावर पुन्हा उठणं आहे, बागेतली भेट आहे, देवदूत तिला वर उचलतात ते आहे. आणि एका चौकटीत ती लोकांसमोर उपदेश करते आहे. दंतकथा अशी की ती समुद्रातून फ्रान्समधल्या मार्से शहरात पोहोचली आणि तिने तिथल्या लोकांना शिकवलं. ही दंतकथाच आहे, इतिहास नाही. पण १२८० च्या सुमाराला एका चित्रकाराने बाईला उपदेश करताना रंगवलं आणि चर्चने ते चित्र देवळात ठेवून घेतलं, हे तर खरं आहे ना? मी भाचीला ती चौकट दाखवली. मग आमच्या गटातल्या दोन बायका येऊन वाकून बघायला लागल्या. गाइड तोवर दाराशी पोहोचली होती.

दुसरं ठिकाण दुओमोचं, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचं, संग्रहालय. तिथे शिल्पकार दोनातेल्लोची लाकडी मग्दालेना आहे. टूरमध्ये हिच्यासाठी दहा मिनिटं ठेवली होती आणि माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे. तिथे अर्धा तास तरी द्यायलाच हवा.

पंधराव्या शतकाच्या मध्याची ही मूर्ती, १८८ सेंटीमीटर उंच. फोटोत ती भीतिदायक वाटते. समोर उभं राहिल्यावर मला भीती वाटली नाही, ओळख वाटली. मी हिला वॉर्डात पाहिलंय. कानशिलं आत गेलेली, गालांची हाडं वर आलेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या, गळपट्टीच्या हाडामागे वाटी ठेवता येईल असा खड्डा. तोंड किंचित उघडं, दात विरळ. महिनोन्महिने अन्न न गेलेलं शरीर असंच दिसतं. पण दंड बघा. दंडात अजून ताकद आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे ते दंड नाहीत, ही स्वतःच्या पायांवर चालत आलेली बाई आहे. आणि हात जोडलेले आहेत असं सगळे सांगतात, पण ते जोडलेले नाहीत. तळव्यांच्या मध्ये फट आहे. हात जुळायच्या आधीचा एक क्षण दोनातेल्लोने लाकडात धरून ठेवलाय. त्या फटीतून पलीकडचं दिसावं म्हणून मी गुडघ्यात वाकले, तेवढ्यात इयरफोनमध्ये “चला, चला” सुरू झालं.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये आर्नो नदीला पूर आला, तेव्हा ही मूर्ती बाप्तिस्मागृहात होती आणि चिखलपाण्यात सापडली. नंतर साफ करताना वरचे गडद थर निघाले आणि खाली मूळचा रंग आणि केसांवरचा सोन्याचा मुलामा सापडला. हे गाइडने फार छान सांगितलं. इतकी वर्षं लोकांनी जिला काळवंडलेली म्हातारी म्हणून पाहिलं, तिचे केस सोनेरी होते.

बार्जेल्लो हे तिसरं. आता संग्रहालय आहे, पूर्वी शहराच्या न्यायाधिकाऱ्याचा वाडा होता आणि पुढे तुरुंग झाला. पहिल्या मजल्यावर मग्दालेनाच्या नावाचं छोटं प्रार्थनागृह आहे. भिंतींवर जोत्तोच्या कार्यशाळेतली चित्रं, बरीच पुसट. मध्ये चुना फासून झाकली होती, १८४० मध्ये पुन्हा उघडली. बघण्यासारखं फार उरलेलं नाही, तेव्हा इथे दहा मिनिटं पुरतात आणि टूरने नेमका इथे पाऊण तास दिला. पण एक गोष्ट ऐकून मी बाकावर बसले. ज्यांना मृत्यूची शिक्षा झालेली असे, त्यांना शेवटचे तास या खोलीत आणून बसवत.

इथे मला ग्रेगरींबद्दल थोडं वेगळं वाटलं, तेही लिहिते. ते पोप झाले तेव्हा रोममध्ये प्लेग होता, त्यांच्या आधीचे पोप त्यातच गेले होते. समोर बसलेल्या भेदरलेल्या माणसांना त्यांना सांगायचं होतं की कुणीच फार उशीर केलेला नाही. बार्जेल्लोत पहाटेची वाट बघत बसलेल्या माणसाला कबरेपाशी पहिली पोहोचलेली साक्षीदार सांगून काय उपयोग झाला असता? त्याला चुकलेली आणि माफ झालेली बाई हवी होती. मरणाऱ्या माणसांजवळ मी बसलेली आहे, त्यांना काय हवं असतं ते मला माहीत आहे. ती पापी स्त्री शुभवर्तमानात आहेच, आणि तिची गोष्ट अनमोल आहे. फक्त ती मग्दालीया मरीया नाही. दोघींना आपापली जागा देता आली असती.

तसं म्हणणारे मध्येमध्ये झालेही. १५१७ मध्ये झाक लफेव्र नावाच्या फ्रेंच विद्वानाने पुस्तक काढून या तिघी वेगळ्या असल्याचं मांडलं, तर १५२१ मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याचं म्हणणं चुकीचं ठरवलं. हे गाइडला माहीत होतं! बार्जेल्लोतून बाहेर पडून चालताना तिने मला एकटीलाच सांगितलं, ग्रेगरींच्या प्रवचनाचं सालसुद्धा तिच्या तोंडावर होतं. मी विचारलं, मग गटाला का सांगत नाही? म्हणाली, कंपनीने लिहून दिलेलं असतं तेच बोलायचं असतं. तेव्हा माझी नाराजी तिच्यावर नाही, लिहून देणाऱ्यांवर आहे. तुम्ही ही टूर घेतलीत तर गाइडला प्रश्न विचारा. तिच्याकडे खूप आहे.

जेवणानंतर पूल ओलांडून पालाझ्झो पित्ती. तिथे टिशियनचं १५३० च्या दशकातलं चित्र आहे: मरीया वर आकाशाकडे बघतेय, डोळे पाण्याने भरलेले, लालसर सोनेरी केस अंगभर, आणि त्या केसांतून छाती उघडी. चित्रकार मोठा आहे, त्वचेखालचं रक्त दिसतं. पण मला तिथे उभं राहवेना. पश्चात्तापाच्या नावाखाली बघणाऱ्याला बघायला काय दिलंय, ते कळत होतं. खाली कोपऱ्यात सुगंधी तेलाची बरणी आहे. ही बरणी म्हणजे मरीयेची खूण. कुठल्याही चित्रात तिला ओळखायचं ते त्या बरणीवरून. त्या बरणीवर टिशियनने स्वतःचं नाव घातलंय.

इथेच गटातल्या एकाने तो प्रश्न विचारला, की ती येशूची बायको होती ना? गाइड म्हणाली, काही लोक तसं मानतात, आणि पुढे गेली. इथे ठाम उत्तर द्यायला हवं होतं. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या जुन्या पोथ्यांत फिलिपच्या नावाचं एक लिखाण आहे. त्यात तिला येशूची सोबतीण म्हटलंय, आणि ज्या वाक्यावरून एवढा गवगवा झाला त्या वाक्यात मोक्याच्या जागी कागदच फाटलेला आहे. बायको असा शब्द नाही. त्यापेक्षा मोलाची पोथी वेगळीच आहे: १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलेली, बर्लिनला नेलेली आणि थेट १९५५ मध्ये छापून आलेली ‘मरीयेचं शुभवर्तमान’. त्यात येशू गेल्यावर घाबरलेल्या शिष्यांना ती धीर देते, त्याने शिकवलेलं सांगते. शिष्यांचा पुढारी पेत्र म्हणतो, आम्हाला न सांगता तो एका बाईला हे सांगेल काय? ती रडते आणि लेवी नावाचा दुसरा शिष्य पेत्राला गप्प करतो. चर्चने ही पोथी कधी पवित्र शास्त्रात घेतली नाही, मीही ती शास्त्र म्हणून वाचत नाही. पण तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हा वाद तेव्हाच चालू होता, एवढं त्यातून दिसतं.

टूर टिशियनच्या चित्रापाशी संपली. दुपारचे साडेतीन झाले होते. शेवटी काय घेऊन बाहेर पडलो? गुहेतली, उपाशी, उघडी. रडणारी. दिवसभरात चार ठिकाणी ती दिसली आणि चारही ठिकाणी तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली गेली.

१९६९ मध्ये कॅथलिक चर्चने २२ जुलैचं वाचन बदललं. पापी स्त्रीचा उतारा काढला आणि योहानाचा २० वा अध्याय ठेवला, पण गाजावाजा केला नाही, त्यामुळे आमच्याकडे कुणाला पत्ताच नव्हता. मग ३ जून २०१६ ला पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने फर्मान निघालं: तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा, आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हणायचं. मध्ययुगातल्या पंडितांनीही वापरलेला हा शब्द. त्या जुलैत फादरांनी ते वाचून दाखवलं. आई तेव्हा ७५ वर्षांची. मिस्सा संपल्यावर तिने मला तीनदा विचारलं, “पेत्राइतकीच? नक्की?” त्याच आठवड्यात दवाखान्यात केसपेपर काढताना तिने खिडकीतल्या मुलाला सांगितलं, “मेरी नाही. मग्दलीन लिही.” मी शेजारी उभी होते.

टूरमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. आणि मला सगळ्यांत लागलं ते हे, की आकादेमियापासून दोन मिनिटांच्या अंतरावर सान मार्कोचा मठ आहे आणि तो टूरमध्ये घेतलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाची दोघीच गेलो. सकाळीच जा. जिन्याने वर गेलं की साधूंच्या खोल्यांची रांग लागते, आणि प्रत्येक खोलीत फ्रा आंजेलिको आणि त्याच्या मदतनिसांनी १४४० च्या आसपास काढलेलं एक-एक भित्तिचित्र. पहिल्याच खोलीत बागेतली भेट आहे. एक खिडकी, एक भिंत, बाकी काही नाही. मरीया गुडघ्यांवर, दोन्ही हात पुढे केलेले. तिच्या अंगावर पायघोळ कपडे आहेत, केस नीट आहेत, चेहरा शांत आहे. मागे कबरेचं दार उघडं. येशू तिच्यापासून पाऊल काढतोय, पण मान तिच्याकडे वळवून. “मला शिवू नकोस” असं आपल्या शास्त्रात आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मला धरून ठेवू नकोस’ असाही होतो, आणि चित्रातल्या त्या अंतराकडे बघताना मला दुसरा अर्थच पटला. गवतात लाल फुलं आहेत. जवळ जाऊन बघा: ती फुलं म्हणजे लाल रंगाचे साधे ठिपके आहेत, आणि येशूच्या हातापायांवरच्या जखमाही तशाच ठिपक्यांनी काढल्यात.

आम्ही तिथे चाळीस मिनिटं होतो. घाई करायला कुणी नव्हतं.

तर टूरला पाचपैकी तीन. एक गुण गाइडच्या ज्ञानाचा, एक आकादेमियातल्या त्या फळीपर्यंत नेल्याचा, एक दोनातेल्लोचा. सान मार्को घेतलं, बार्जेल्लोचा वेळ कमी करून दोनातेल्लोला दिला आणि गाइडला तिचं तिला बोलू दिलं, तर मी पाच देईन आणि पुन्हा पैसे भरून जाईन. तोवर तुम्ही गेलात तर सान मार्को शेवटी ठेवा, टिशियनच्या नंतर.

आईसाठी मी त्या चित्राचं पोस्टकार्ड आणलं. तिने चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून विचारलं, “हे याच्या खांद्यावर काय आहे?”

म्हटलं, कुदळ आहे आई. तिला तो आधी माळी वाटला ना, म्हणून.

“अगं, पण याच्या खांद्यावर खरंच कुदळ आहे,” आई म्हणाली. “मग तिला माळी वाटला तर त्यात तिचं काय चुकलं?”